तिसऱ्या रकान्यातलं नाव

हिम्मतराव देगलूरकरांनी स्वतःच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाटाच्या कडेनं वाकून पाहिलं होतं. पलीकडे उभी आहे ती दाखवलेलीच मुलगी आहे ना, एवढीच त्यांना खात्री करून घ्यायची होती. मुलगी तीच निघाली. तिचं नाव भामा, आणि ही गोष्ट ती सत्तावीस वर्षं आल्यागेल्याला सांगत आली आहे. हिम्मतरावांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. "बघितलं म्हणून कळलं तरी," एवढंच ते म्हणतात.

माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या मनात सदा कुठंतरी पाल चुकचुकत असायची. काचीगुड्याच्या घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, बसस्टॉपपर्यंत जायचे आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचे. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघायचे. शेजाऱ्यानं विनाकारण साखर आणून दिली तर ती दोन दिवस तशीच ठेवायचे, कारण विनाकारण कुणी काही देत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. घराणं मूळचं देगलूरकडचं, शेतीवाडीचं. वडील निजामाच्या काळात शिकायला हैदराबादेत आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि कारखान्यात तेलुगू, अशा तिन्ही भाषांत हिम्मतरावांना संशय घेता येई.

कारखाना सरकारी होता, शहराबाहेरचा. तिथं एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेले आठ पडदे होते. त्यावर युनिक्स नावाची यंत्रणा चालायची आणि त्या खोलीची किल्ली हिम्मतरावांकडे असायची. युनिक्समधली एक आज्ञा त्यांना प्राणाहून प्रिय होती. ‘एलएस’ असं टाइप करायचं, पुढे एक छोटी आडवी रेघ आणि एक ‘एल’ जोडायचा, की सगळ्या फाइलींची यादी पडद्यावर रकाने पाडून यायची. पहिल्या रकान्यात कुणाला काय परवानगी, आणि तिसऱ्या रकान्यात फाइलीच्या मालकाचं नाव. शंकेखोर माणसाला याहून दुसरं काय हवं? जगातल्या प्रत्येक वस्तूला असा तिसरा रकाना असता तर हिम्मतराव सुखानं झोपले असते.

एकोणनव्वद साली त्या रकान्यानं त्यांना मोठेपणाही दिला. बढत्यांची गुप्त यादी जाहीर होण्याआधीच साऱ्या कारखान्यात फुटली होती. हिम्मतरावांनी संगणकावरच्या सामायिक जागेत शोध घेतला, ती यादी एका फाइलीत सापडली आणि तिसऱ्या रकान्यात नाव होतं दिलीपचं. दिलीप हिशेबखात्यातला अबोल कारकून. त्याची विजयवाड्याच्या गोदामात बदली झाली आणि हिम्मतरावांच्या पाठीवर जनरल मॅनेजरनं स्वतः थाप मारली. ती थाप पुढे कित्येक वर्षं त्यांच्या पाठीवर ताजी होती.

मग दिवस पालटले. दिल्लीत नवं धोरण आलं, सरकारी कारखान्यांना उतरती कळा लागली. त्र्याण्णव साली हिम्मतरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, म्हणजे त्यांना ती घ्यायला लावली. दोन वर्षं घरी बसून त्यांनी भामाबाईंचे डाळींचे डबे तपासले. शेवटी भामाबाईंनीच हात जोडले आणि ओळखीतून त्यांना आबिड्समध्ये प्रमोद खांबेट्यांच्या ऑफिसात चिकटवून दिलं.

प्रमोद पुण्याहून आलेला, पस्तिशीचा, सतत घाईत. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचा कारभार होता. आबिड्स, कोठी, सुलतान बाजार इथल्या सगळ्या दुकानांची नावं, पत्ते आणि फोन गोळा करून तो एक जाडजूड सूची छापणार होता. संगणक एकच होता, आणि त्यावर बसायची सुजाता. सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्याच्या वरच्या मजल्यावर राहणारी, बावीस वर्षांची, मान खाली घालून मिनिटाला दहा पत्ते टाइप करणारी मुलगी. हिम्मतरावांचं काम होतं तिनं टाइप केलेलं तपासण्याचं. इतकं मनाजोगतं काम त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

पण या संगणकावर युनिक्स नव्हतं, डॉस नावाची दुसरीच यंत्रणा होती. डॉसची ‘डिर’ ही आज्ञा फाइलीचं नाव सांगायची, आकार सांगायची, तारीख सांगायची आणि मालकाबद्दल मूग गिळून बसायची. हिम्मतराव हैराण झाले. मालक नाही म्हणजे काय? बेवारस फाइली? त्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याला गाठलं आणि एक फ्लॉपी मिळवली. कुणा भल्या माणसानं युनिक्सचं एलएस डॉसवर चालेल असं करून ठेवलं होतं. हिम्मतरावांना हरवलेला भाऊ भेटल्यासारखं झालं.

पहिल्याच दिवशी त्या भावानं घोळ घातला. डॉसच्या सवयीनं ते एलएसपुढे ‘स्टार डॉट स्टार’ टाइप करून बसले, आणि अकरा फाइली गायब!

"सुजाता! कोठीच्या फाइली कुठं गेल्या?"

सुजातानं येऊन डिर टाइप केलं. अकराच्या अकरा जागेवर होत्या. "आहेत की काका."

"आत्ता नव्हत्या."

"आत्ता आहेत ना पण."

खरी गोष्ट साधी होती. डॉसमध्ये स्टार डॉट स्टार म्हणजे सगळं काही. युनिक्सच्या एलएसला मात्र नावात खरोखरचं टिंब लागतं, आणि सुजातानं कोठीच्या फाइलींची नावं टिंबाशिवायच ठेवली होती. पण हे हिम्मतरावांच्या ध्यानात यायला आठवडा गेला, आणि तोवर त्यांच्या मनानं वेगळीच नोंद करून ठेवली होती. ही मुलगी आली, हिनं हात लावला आणि फाइली परत आल्या. पुढे खुलासा मिळाला तरी ती नोंद काही पुसली गेली नाही. नोंदी पुसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तरी मुलगी त्यांना आवडायची. दुपारी डबा खाताना ते तिला युनिक्सच्या गोष्टी सांगायचे. दिलीपला कसं पकडलं ती तर तिनं सात-आठ वेळा ऐकली होती. ती ऐकायची, मध्येच नेमका प्रश्न विचारायची आणि घरी जाऊन वहीत उतरवून ठेवायची. त्या वहीच्या जोरावर तिनं बेगमपेठेतल्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत दिली आणि दीडशे जणांतून जे चौघे निवडले गेले त्यांत तिचं नाव लागलं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. फक्त आधीच्या ठिकाणच्या कामाचं आणि सचोटीचं पत्र सोबत आणायचं होतं, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार तयारच होता. प्रमोदनं पत्र द्यायचं कबूल केलं होतं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी हिम्मतराव कोठीच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळत होते. तिथं त्यांना एक नवं कोरं पुस्तक दिसलं. मध्य हैदराबादच्या दुकानांची सूची, दुसऱ्याच कुणाची. त्यांनी उभ्याउभ्याच पानं उलटली आणि सुलतान बाजाराच्या पानावर ते थबकले. तिथं स्वच्छ छापलं होतं, भामा टोपी भांडार.

असं दुकान जगात नव्हतं. हिम्मतरावांनीच ते बायकोच्या नावानं, नसलेल्या पत्त्यावर, कुणाला न सांगता यादीत घुसवलं होतं. कुणी यादी चोरलीच तर टोपीवरून कळावं म्हणून. आता कळलं होतं. यादी ऑफिसातून बाहेर गेली होती. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्यांना आत कुठंतरी गुदगुल्याच झाल्या. इतकी वर्षं घेतलेला संशय एकदाचा कामी आला होता.

ऑफिसात येऊन, सुजाता बाहेर गेल्याचं बघून, त्यांनी यादीच्या फाइली एलएसनं रकान्यांसकट पडद्यावर आणल्या. इतके दिवस ते तारखा आणि आकारच ताडून बघत होते. आज त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. सुजाता. सुजाता. सुजाता. वरपासून खालपर्यंत एकच नाव. त्यांनी स्वतः दुरुस्त केलेल्या फाइलींवरसुद्धा तिचंच! म्हणजे हिनं सगळं काही आपल्या नावावर करून घेतलं होतं. बेगमपेठेची नोकरी दीडशे जणांतून हिलाच कशी मिळाली, तेही मग त्यांच्या मनात आपोआप जुळलं. त्यांनी कागद छापून घेतला आणि प्रमोदसमोर ठेवला.

प्रमोदला एलएसमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण भामा टोपी भांडार कळलं आणि इंग्रजीत छापलेलं सुजाताचं नाव कळलं. त्यानं तिला आत बोलावलं.

"हे काय आहे, सुजाता?"

सुजातानं कागद पाहिला. "हा काकांच्या कमांडचा आहे. मला त्यातलं कळत नाही सर."

"सगळ्या फाइलींवर तुझं नाव कसं?"

"नाही माहीत. पण मी बाहेर काही नेलं नाही. एक कागदसुद्धा नाही." ती हिम्मतरावांकडे वळली. "काका, तुम्ही रोज माझी पर्स बघायचात. मला माहीत आहे. कधी काही दिसलं का त्यात?"

हिम्मतरावांना हे झोंबलं. पर्स ते खरंच बघायचे, पण तिला कळतं हे त्यांना कळलं नव्हतं. "नाव काय आपोआप येतंय का?" ते म्हणाले. "रकाना खोटं बोलत नाही, बाई."

प्रमोदनं पत्र देणार नाही म्हणून सांगितलं. सुजाता रडली नाही. टेबलावरची पाण्याची बाटली आणि वही उचलली, ओढणी सारखी केली आणि जिना उतरून गेली. रडली असती तर बरं झालं असतं, असं हिम्मतरावांना वाटून गेलं. न रडणारा माणूस त्यांना नेहमी जास्त संशयास्पद वाटायचा. पण त्या दिवशी त्यांना जेवणही गेलं नाही.

शनिवारी सकाळी ते कोठीला अप्पारावाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. अप्पाराव त्यांचा कारखान्यातला दोस्त, गुंटूरकडचा, गडगडाटी हसणारा. त्याच्या कपाटात हिम्मतरावांची एक फ्लॉपी होती, आणि ही गोष्ट प्रमोदलाही ठाऊक नव्हती. ऑफिसात आग लागली तर? सुजातानं सगळं पुसलं तर? म्हणून त्यांनी उन्हाळ्यातच पूर्ण यादीची एक प्रत गुपचूप इथं आणून ठेवली होती. सुजातानं कधी काय बदललं, ते आता जुन्या प्रतीशी ताडून बघायचं आणि पुरावा पक्का करायचा, असा त्यांचा बेत होता. पुरावा पक्का असताना तो आणखी पक्का का करावासा वाटला, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

क्लासमधल्या संगणकात त्यांनी फ्लॉपी घातली, एलएस चालवलं आणि ताडकन उठले. तिसऱ्या रकान्यात सुजाता नव्हती. ओळीनं सगळीकडे अप्पाराव होता.

"अप्पाराव! तू पण?"

"क्या हुआ मियाँ?"

"माझ्या फाइली तुझ्या नावावर कशा? बोल! दोघांनी मिळून केलं का हे?"

अप्पारावानं पडद्याकडे पाहिलं, मग दोस्ताच्या लाल चेहऱ्याकडे, आणि त्याला हसू आवरेना. "नक्को रे ऐसा चिल्लाओ, बच्चे पढ रहे. बैठो पहले." त्यानं कळफलक पुढे ओढला. "डॉसमें मालिक होताच नहीं, हिम्मतराव. फाइल पे किसी का नामच नहीं लिखते इने. अब तुम्हारा एलएस बिचारा युनिक्स का, उसकू तीसरा खाना भरना तो पडता. फिर क्या करता? मशीन चालू करते वक्त जो नाम डाले, वोच उठाके सब के आगे चिपका देता."

"कुछ भी नक्को बोलो."

"कुछ भी? ये देखो." त्यानं एक ओळ टाइप केली, वापरणाऱ्याचं नाव हिम्मत, आणि एलएस पुन्हा चालवलं.

हिम्मत. हिम्मत. हिम्मत. वरपासून खालपर्यंत.

"लो," अप्पाराव म्हणाला, "चोर मिल गया." आणि तेवढ्यावर न थांबता त्यानं डॉसच्या स्वतःच्या फाइली दाखवल्या. अमेरिकेत बनलेल्या, डब्यात बंद होऊन आलेल्या. त्यांचाही मालक हिम्मत.

हिम्मतराव खुर्चीत बसले. सुजातानं मागं सूची लावायचा एक प्रोग्रॅम बसवला होता, त्यानं नाव विचारलं होतं आणि तिनं आपलं टाकलं होतं. मशीन चालू होताना रोज तेच लागत होतं. ते स्वतः शेजारी उभे राहून बघत होते. एवढंच होतं. त्यांनी फक्त यादीच्या फाइली बघितल्या होत्या. शेजारचा डॉसचा कप्पा उघडून एकदा एलएस केलं असतं, तर तिथंही सुजाताच दिसली असती, आणि डॉस काही त्या मुलीनं बनवलं नाही हे त्यांनाही कळलं असतं. जन्मभर कुलूप तीनदा ओढणाऱ्या माणसानं हे एकदाही ओढून बघितलं नव्हतं.

"मग यादी बाहेर गेली कशी?" ते पुटपुटले.

"कौनसी यादी? ये वाली?" अप्पारावानं फ्लॉपी बाहेर काढून दाखवली. "ये तो मेरे क्लास में सब के पास है. बहोत अच्छी लिस्ट है मियाँ, नाम, पता, फोन, सब भरेला. बच्चों कू प्रॅक्टिस के वास्ते मैंच दिया. दो जने तो अब वो डिरेक्टरी छापनेवालों के पासच नौकरी कर रहे."

"माझी फ्लॉपी तू वाटलीस? कुणाला विचारून?"

"तुमेच तो लिखे ना उसपे!"

अप्पारावानं फ्लॉपी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. लेबलावर हिम्मतरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘सरावासाठी’. खाली तेच इंग्रजीत. चोराच्या हाती पडली तर त्याला ती फालतू वाटावी, म्हणून त्यांनी हे डोकं लढवलं होतं. आत काय आहे ते अप्पारावालाही सांगितलं नव्हतं. तीस वर्षांच्या दोस्तावरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता.

हिम्मतरावांना आपली लाज वाटली, अशी की कुणी समोर नको, अप्पाराव नको, आरसा नको. ज्या चोरीसाठी त्यांनी एका पोरीचं नाव काळं केलं ती चोरी त्यांच्याच हातून झाली होती.

आबिड्सला जाऊन त्यांनी प्रमोदला सगळं सांगितलं. फ्लॉपी, लेबल, टोपी भांडार, काही लपवलं नाही. प्रमोद आधी चिडला, मग संगणकापुढे जाऊन बसला. त्यानं पत्र टाइप करायला घेतलं, पण त्याला पानाचा समास जमेना, कारण ते सगळं सुजाताच करायची. हिम्मतरावांनी ते लावून दिलं. सही झाल्यावर त्यांनी आपल्या टेबलाची किल्ली काढून प्रमोदपुढे ठेवली. प्रमोदनं ती घेतली. "राहू द्या" म्हणाला नाही.

सुलतान बाजारात शनिवारची गर्दी होती. कापडवाल्याच्या बाजूचा अरुंद जिना चढून त्यांनी दार वाजवलं. सुजातानंच उघडलं. त्यांनी पाकीट पुढे केलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

"माझं चुकलं, बाई," ते म्हणाले. "नाव ते मशीनच चिकटवत होतं. मी बघितलं नाही. तू रागाव, काय वाटेल ते बोल."

सुजातानं पत्र काढून पूर्ण वाचलं. सही बघितली, तारीख बघितली, पुन्हा घडी घातली. हे तपासणं ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

"पाणी आणू का काका?" तिनं विचारलं.

"नको."

ती दाराला टेकून उभी राहिली. मनात काहीतरी जुळवत असल्यासारखी. मग म्हणाली, "एक विचारू? ते दिलीप म्हणून होते ना, तुमच्या कारखान्यात. बदली झालेले."

"त्याचं वेगळं," हिम्मतराव घाईनं म्हणाले. "ते खरं युनिक्स होतं. तिथं मालक खराच असतो."

"हो, ते तुम्ही सांगितलंय. मी वहीत लिहिलंय. पण ते काय म्हणाले होते त्या वेळी?"

हिम्मतरावांना ते शब्दन् शब्द आठवत होतं. गोष्ट सांगताना ते तेवढं नेहमी गाळायचे. दिलीप म्हणाला होता, "साहेब, यादी तिथं आधीच पडलेली होती. माझं नाव आहे का बघायला मी नुसती नक्कल करून घेतली. मूळची कुणीतरी नंतर पुसली." आणि आपण हसून म्हणालो होतो, रकाना खोटं बोलत नाही.

"काका?"

ते वळले आणि जिना उतरायला लागले. खाली कापडवाला गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडत होता, रिक्षांचे हॉर्न वाजत होते. शेवटच्या पायरीवर हिम्मतराव कठडा धरून उभे राहिले. युनिक्समध्ये फाइलीची नक्कल केली की तिच्यावर नक्कल करणाऱ्याचं नाव लागतं, मूळ कुणाचीही असो. त्या खोलीत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी ते स्वतः शिकवायचे. दिलीपलाही त्यांनीच शिकवलं होतं.